जड चाक, हलके चाक

मोटारीला चार चाके असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पाचवे डिकीत असते आणि सहावे ड्रायव्हरच्या हातात. सातवे मात्र बहुतेक गाडीमालकांनी उभ्या जन्मात पाहिलेले नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या अंधारात, पाठीवर क्लच घेऊन ते गरगर फिरत असते. त्याचे नाव फ्लायव्हील. मराठी परिभाषेत त्याला प्रचक्र म्हणतात, पण प्रचक्र म्हणून मागितले तर कल्याणच्या बाजारात दुकानदार तुम्हाला ग्रंथालयाचा पत्ता सांगेल. बिडाचे, जेवणाच्या ताटाहून थोडे लहान, कडेला दातेरी कडे बसवलेले हे चाक हातात घेतले की खांदा एकदम खाली येतो. हे चाक काढून त्याच्या जागी निम्म्या वजनाचे बसवावे की बसवू नये, या एवढ्याशा प्रश्नावरून वाशिंदला आमच्या इमारतीत दोन महिने बापलेकांत अबोला होता.

मुलगा सव्वीस वर्षांचा. भिवंडीकडच्या गोदामात नोकरी, पाळ्यांचे काम. स्वतःच्या पगारातून त्याने एक जुनी स्विफ्ट घेतली होती, आणि तिच्यावर त्याचा जो जीव आहे तो पाहता तिचे लग्न लावून द्यायची वेळ आली तर तो रडेल असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. या गाडीला हलके पोलादी फ्लायव्हील बसवायचे त्याने ठरवले. चाक, त्यासोबत नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी, सगळे मिळून तीस-पस्तीस हजारांचा अंदाज. वडिलांचे म्हणणे एकच : कंपनीने घातलेली वस्तू काढायचीच कशाला? त्यातून घरात थोरली मुलगी मुरबाडहून बाळंतपणाला आलेली, दवाखाना कल्याणचा, आणि आख्ख्या इमारतीत रात्री-अपरात्री हाक मारावी अशी गाडी ही एकच.

"साहेब, तुमचं तो ऐकतो. जरा समजवा त्याला," असे वडील येऊन सांगून गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. "काका, बाबांना जरा समजवा ना." तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे काही नवे नाही. कर्ज मागणारा आपल्या प्रस्तावाची उजळ बाजू सांगतो, जामीनदार आपल्या छातीतली धडधड सांगतो, आणि खुर्चीतल्या माणसाने दोन्ही ऐकून कागद मागवायचे असतात. मी कागद मागवले. म्हणजे दोन-चार पुस्तके चाळली, आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना गाठले, आणि शेवटी नाशिकपर्यंत जाऊन आलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा मुलगा असेल त्यांना ते उपयोगी पडेल; ज्यांच्या घरी नसेल त्यांनी आपल्या भाच्याकडे नीट पाहावे.

हे चाक मुळात असते कशासाठी? पायाने चालवायचे शिलाई मशीन आठवा. पायपट्टीवर आपण पाय दाबतो आणि सोडतो. त्या दाबण्या-सोडण्याच्या मध्ये एक जागा अशी येते की तिथे पायाचा जोर चाकाला काहीच वळवू शकत नाही. तरीही सुई थांबत नाही, कारण खालचे मोठे चाक आपल्या वजनाच्या बळावर तेवढी जागा ओलांडून जाते. मोटारीच्या इंजिनात हेच घडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्या चार वेळा वर-खाली होतो आणि त्यातल्या एकाच वेळी इंधनाचा भडका त्याला जोराने खाली ढकलतो. उरलेल्या तीन वेळा तो दट्ट्याच उलट काम मागत असतो : हवा आत ओढ, ती दाबून धर, धूर बाहेर टाक. ते काम फ्लायव्हील करते. भडक्याच्या वेळी मिळालेली शक्ती ते पोटात ठेवते आणि पुढच्या भडक्यापर्यंत पुरवून पुरवून देते.

मला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आयआरडीपीची आणि शेतीची कर्जे वाटत मी हिंडत असे. पंपासाठी, भाताच्या गिरणीसाठी डिझेल इंजिन घेतलेले असायचे आणि ते जागेवर आहे की नाही हे पाहून यायचे काम माझे. एक सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे ते इंजिन, आणि बाजूला केवढे थोरले जड चाक! हँडल मारून ते चालू करताना पाहणे हा एक सोहळा होता. शेतकरी आधी वरची लिव्हर उचलून धरी, म्हणजे आतली हवा दाबली जात नसे आणि चाक मोकळे फिरे. मग दोन्ही हातांनी हँडल फिरवत फिरवत चाकाला वेग आणायचा, श्वास धरायचा आणि एकदम लिव्हर खाली. त्या क्षणी चाकात साठलेला वेगच दट्ट्याला हवा दाबून पलीकडे घेऊन जाई, आणि इंजिन 'भक्' करून बोलू लागे. चाक हलके असते तर अर्ध्यातच अडकले असते. मिनिटाला १५०० फेऱ्या घेणाऱ्या अशा इंजिनाला मिनिटाला ७५० धक्के मिळतात. मधला सगळा काळ ते जड चाकाच्या उधारीवर जगते.

मोटारीत सिलिंडर चार असतात. त्यामुळे अर्ध्या फेरीला एक असा धक्का मिळत राहतो आणि चाक एवढे थोरले लागत नाही. मारुती ८०० तीन सिलिंडरची होती. तिथे धक्क्यांमधले अंतर थोडे अधिक. दुचाकीवाल्यांना वेगळे सांगायला नको. बुलेटचे जड चाक आणि आरएक्स १०० ची चपळाई ज्यांनी दोन्ही अनुभवली आहेत त्यांच्या हातांना आणि मांड्यांना हा सगळा लेख आधीच पाठ आहे.

मग कंपनी जे चाक घालते ते हलके का करायचे? कारण वेग साठवणारी वस्तू वेग घ्यायलाही वेळ लावते. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाला आधी हे चाक फिरवावे लागते आणि उरलेल्या जोराने गाडी ओढावी लागते. मुलाने माझ्यापुढे वही टाकली. त्यात त्याने हिशेब मांडला होता, आणि मी तो आकडेमोडीच्या जुन्या सवयीने तपासला. समजा, मूळ चाक सात किलोचे आहे, साधारण दहा इंच व्यासाचे, आणि नवे त्याच आकाराचे चार किलोचे. वाचले तीन किलो. तीन किलोंसाठी तीस हजार? असे वडील विचारतात. पण पहिल्या गिअरमध्ये गाडीचे रस्त्यावरचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन सुमारे चौदा वेळा फिरलेले असते. त्यामुळे तिथे या तीन किलोंचा भार गाडीत बसवलेल्या साठ-सत्तर किलोंइतका होतो. म्हणजे वेग घेताना जणू एक धट्टाकट्टा माणूस गाडीतून उतरला. हिशेब बरोबर होता. मात्र वहीचे पान त्याने तिथेच संपवले होते. मी पुढचे पान घातले. पाचव्या गिअरमध्ये हाच फायदा जेमतेम साडेतीन किलोंचा राहतो. म्हणजे उतरला तो माणूस नव्हे, भाजीची पिशवी. आणि गाडी एकाच वेगाने चालत असेल तर तोही नाही; फिरत्या चाकाला फिरतेच ठेवायला वजनाचा त्रास होत नाही.

या चाकात आणखी एक गंमत आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व अधिक. कडेचे अर्धा किलो लोखंड काढले तर त्याचा जो परिणाम होतो, तो मध्य आणि कड यांच्या निम्म्या अंतरावरून काढायचा तर दोन किलो काढावे लागते. कुंभाराच्या चाकाची कड जड ठेवतात ती उगीच नव्हे. म्हणून जाहिरातीत नुसते 'तीन किलोंनी हलके' असे लिहिलेले असले तर त्यावर जाऊ नये. कुठून हलके, हे विचारावे.

नाशिकला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा आहे. हौशी रॅलीवाला. रॅलीचे वेड नाशिकला जुने आहे आणि राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्याही तिकडे झालेल्या आहेत. त्याच्याकडे अशाच स्पर्धांसाठी तयार केलेली एक जुनी गाडी आहे, तिला हलके चाक बसवलेले आहे. ती प्रत्यक्ष पाहावी म्हणून एका रविवारी आम्ही दोघे वाशिंदहून निघालो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून वाशिंदकरांना नाशिकच्या बाजूला जायला दुसरी वाट मिळाली आहे. पण मी मुद्दाम जुन्या कसारा घाटानेच चल म्हटले. मला घाट हवा होता.

घाटाशी आमच्या या रेल्वेमार्गाचे वैर जुने. कल्याणहून रेल्वे वाशिंदला आली १८५५ साली. कसारा चढून ती इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडले. दर सदतीस फुटांना एक फूट असा तो लोहमार्गाचा चढ आहे आणि आजही कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. त्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. मीही जन्मभर बँकरच होतो, आणि लोकांना मागून ढकलण्याचेच काम केले, हा विनोद मी त्या घाटात आजवर असंख्य वेळा केला आहे. मुलगा बिचारा हसला. पण मुद्दा विनोदापुरता नव्हता. चढाला जे लागते ते बळ. ते हवे तर इंजिन मोठे करा नाहीतर मागे बँकर लावा. फ्लायव्हील हलके केल्याने इंजिनाचे बळ गुंजभरही वाढत नाही. वाढते ती तत्परता. गाडीचा कमाल वेग तोच, घाट सलग एका वेगाने चढण्याची ताकद तीच.

नाशिकला गावाबाहेर एका मोकळ्या खाजगी मैदानात ती गाडी आम्ही पाहिली. यजमानांनी ती सुरू केली आणि नुसते पाऊल टेकवले. इंजिन असे उसळले की मी दाराची मूठ धरली. पाऊल उचलले, आवाज तितक्याच झटकन खाली. एरवी गाडीचा आवाज चढतो आणि उतरतो तो भजनातल्या मृदंगासारखा, मागचा ठोका पुढच्यात विरघळत. इथे प्रत्येक ठोका सुटा, ताशासारखा. मैदानातल्या खुणांभोवती त्यांनी गाडी फिरवली. वळणाआधी खालचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटरला नुसता स्पर्श, की इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर हजर. वळणातून बाहेर पडताना थांबणे नाही. मी साठी ओलांडलेला माणूस, मागच्या बाजूला बसून हेल्मेटमध्ये घामाघूम. तरी सांगतो, मजा आली. ज्यांना या मुलांचे वेड म्हणजे नुसती फालतूगिरी वाटते त्यांनी एकदा अशा गाडीत बसावे. यंत्र माणसाच्या मनाइतके चटकन हलते तेव्हा होणारा आनंद हा खरा आनंद आहे, आणि त्यासाठी पगारातले पैसे साठवणे हे बारमध्ये उडवण्यापेक्षा कितीतरी बरे.

मग चावी आमच्या मुलाला मिळाली. मैदानाच्या टोकाला थोडा चढ होता. तिथे गाडी थांबवून पुन्हा सुटायला यजमानांनी सांगितले. पहिल्या वेळी गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळी हिसका देऊन बंद पडली. तिसऱ्या वेळी त्याने अॅक्सिलरेटर भरपूर दाबून धरला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी निघाली, पण क्लचचा जळका वास आत आला. नवशिका म्हणून हे झाले असे नव्हे. त्याचा हात चांगला आहे. जड चाक असते तेव्हा क्लच सोडताना त्यात साठलेला वेग उभ्या गाडीला पहिला रेटा देतो. हलक्या चाकाजवळ तेवढी पुंजी नसते. मग तिची भरपाई इंजिनाच्या फेऱ्या वाढवून आणि क्लच घासून करावी लागते. त्यात क्लच तापतो. फ्लायव्हील हा क्लचचा अर्धा संसार आहे. घर्षणाची उष्णता ते आपल्या अंगात मुरवते. बीड जितके जास्त तितकी उष्णता मुरायला जागा जास्त. हलके चाक लवकर तापते, आणि तापले की गाडी सुटताना थरथरते. अॅल्युमिनियमची चाके तर आणखी हलकी. त्यांत क्लच घासण्याच्या जागी पोलादी चकती वेगळी बसवावी लागते.

यजमानांचे उत्तर मला आवडले. "काका, ही गाडी मी बाजारात नेत नाही. आईला देवळात न्यायचं तर ती दुसरी आहे ना, ऑटोमॅटिक." त्या दुसऱ्या गाडीकडे त्यांनी बोट केले तेव्हा आमचा मुलगा गप्प झाला. परत येताना आसनगावजवळ रस्त्याच्या कामामुळे गाड्या तुंबल्या होत्या. पाच फूट पुढे, थांबा. दहा फूट पुढे, थांबा. त्याने तोंडातून शब्द काढला नाही, पण तो किती वेळा क्लच दाबतो आहे ते मोजत होता, हे मला त्याच्या ओठांवरून कळत होते.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि आयडलिंग वाढवून घ्यावे लागते. चाक जे हिसके गिळत होते ते गिअरबॉक्सपर्यंत पोचतात आणि तिथून खुळखुळ्यासारखा आवाज येतो. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाच्या फिरण्यातला सूक्ष्म चढ-उतार मोजून एखादा भडका चुकला का हे संगणक ताडतो. चाक हलके केले की तो चढ-उतार वाढतो आणि काही नसताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागू शकतो. पेट्रोल वाचते म्हणावे तर महामार्गावर फरक नाही; गावात चालण्या-थांबण्यात जे थेंब वाचतात ते वाढवलेले आयडलिंग पिऊन टाकते. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत तर दोन तुकड्यांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील असते. ते मुद्दाम हिसके जिरवायलाच केलेले. ते काढून साधे बसवणारे पुष्कळ आहेत, पण तो खर्च टाळण्याचा मार्ग, आरामाचा नव्हे.

एका गोष्टीवर मात्र थोडक्यात भागणार नाही. मुलाला कुणीतरी स्वस्तातला उपाय सांगितला होता : नवे चाक कशाला, आहे तेच लेथवर तासून घे, चार भोके पाड, दोन हजारांत काम. यावर आयटीआयवाले स्नेही एरवी मितभाषी असूनही उखडले. त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेते तेव्हा सेकंदाला शंभर फेऱ्या होतात. दहा इंची चाकाची कड त्या वेळी ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. गाडी जागेवर उभी, पण तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर हे चालू. त्या कडेवर एका बाजूला अवघे दहा ग्रॅम, म्हणजे दोन नाण्यांइतके वजन जास्त राहिले तर ते चाकाला पन्नास किलोंच्या जोराने बाहेर ओढते, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला शंभर वेळा फिरते. बेअरिंगे किती दिवस तग धरतील? शिवाय बीड दाबाला घट्ट असते, ताणाला नसते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ताण चौपट होतो. वाटेल तसे तासलेले, भोकांपाशी चिरलेले चाक त्या वेगात फुटले तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. गिअरबॉक्सचे आवरण आणि गाडीचा पत्रा त्यांना अडवू शकेलच असे नाही. बाष्पयंत्रांच्या काळात कारखान्यांतली अशी थोरली चाके फुटून माणसे मेलेली आहेत. म्हणून शर्यतीच्या जगात फ्लायव्हीलला प्रमाणपत्र मागतात आणि भोवती पोलादी कवच घालतात. "बसवायचंच तर अखंड पोलादाचं, कागदपत्रासहित, बॅलन्स करून घेतलेलं बसव," ते म्हणाले. "तासायचं असेल तर पेन्सिल तास."

कायद्याचेही पाहून घेतले, ही जुनी खोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे सांगितले आहे. प्रमाणपत्रात फ्लायव्हीलचा रकाना नसतो हे खरे. पण गाडीत बदल केला तर विमा कंपनीला कळवावे. न कळवता ठेवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशीच नेमकी सापडते, असा माझा अनुभव आहे. आणि सरकारच्या परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, मग चाक कितीही हलके असो.

माझे मत मी दोघांनाही समोरासमोर सांगितले. बँका आपल्या ठेवींचा एक हिस्सा रोख राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात. त्यावर व्याज मिळत नाही. नव्या दमाचे अधिकारी दरवर्षी कुरकुरत : एवढा पैसा नुसता पडून! पण खिडकीवर गर्दी उसळते त्या दिवशी असला पडून असलेला पैसाच कामी येतो. वाशिंदच्या घरगुती गाडीचे आयुष्य म्हणजे रोजचीच गर्दी. स्टेशनजवळची रिक्षांमधून वाट, महामार्गावरचे तुंबणे, पाच माणसे आणि तांदळाची गोणी घेऊन मुरबाडकडचा चढ, आणि कधी वहिनी, कधी जावई, असे हात बदलणारे ड्रायव्हर. या गाडीत ते जड चाक पडून नाही. दर सिग्नलला कामाला लागते आहे. एकट्याने चालवायची, मैदानात न्यायची, बंद पडली तरी कुणाचा खोळंबा न होणारी गाडी असेल तर हलके चाक जरूर बसवावे, आणि चांगले बसवावे. वडिलांना मी हेही सांगितले की कंपनीने घातले म्हणून ते पवित्र होत नाही. कंपनी सगळ्यांना चालेल असे घालते. तुमचा मुलगा म्हणजे सगळे नव्हे.

"पण काका, निम्म्याहून जास्त वेळ मी एकटाच असतो गाडीत," मुलगा म्हणाला. खरे होते ते. गोदामाची रात्रपाळी संपवून पहाटे मोकळ्या रस्त्याने येताना त्याला जे हवेसे वाटते ते माझ्या हिशेबात कुठे बसत नव्हते. मी तसे त्याला सांगितलेही.

पुढे असे झाले की क्लच प्लेट मुळातच झिजली होती आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणारच होता. कल्याणच्या गॅरेजात दोन्ही चाके शेजारी ठेवली होती, जुने काळपट बिडाचे आणि नवे चकचकीत पोलादी. हो, तेवढ्यात त्याने पैसे भरून मागवलेही होते. मिस्त्रीने कुठले बसवू म्हणून विचारले. मुलाने जुने उचलून दिले. आतून घासून सपाट करून, नव्या क्लच प्लेटसह ते परत बसले.

आषाढात एका रात्री अडीच वाजता बहिणीला घेऊन निघावे लागले. पाऊस, पडघ्यापाशी बंद पडलेला कंटेनर, पाऊण तास मुंगीच्या पावलांनी. आमच्या सौभाग्यवती मागे बसल्या होत्या. त्या सांगतात, गाडी एकदाही बंद पडली नाही. हलके चाक असते तर पडलीच असती असे मी म्हणणार नाही; हात बसलेला माणूस तेही निभावून नेतो. पण त्या रात्री त्याचे लक्ष क्लचवर नव्हते, आरशात होते. पहाटे मुलगी झाली.

पोलादी चाक तेलकट कागदात आणि वर गोणपाटात गुंडाळून त्याच्या पलंगाखाली आहे. त्याची आई झाडताना रोज ते सरकवते आणि रोज 'एवढं पैशाचं लोखंड' म्हणते. नाशिकच्या त्या हौशी रॅलीवाल्याशी त्याचे फोन चालू असतात. स्पर्धेसाठी लायसन्स कसे काढायचे, हेल्मेट कुठले घ्यायचे, प्रवेशशुल्क किती, हे त्याने विचारून ठेवले आहे, आणि एक मोडकळीला आलेली जुनी गाडीही म्हणे शहापूरला हेरून ठेवली आहे. वडिलांना हे अजून ठाऊक नाही. ते हे वर्तमानपत्र घेतात, पण रविवारची पुरवणी सहसा दुपारच्या झोपेनंतर उघडतात. तोवर मुलाने स्वतः सांगावे, अशी मुदत मी त्याला दिली आहे.